मानवी हक्क आणि सांस्कृतिक विविधता शिकायचंय? कोर्स निवडण्यापासून डिसर्टेशनपर्यंत काय काय करायचं

बीए, एलएलबी, बीएसडब्ल्यू झालेली मुलंमुली दरवर्षी विचारतात की मानवी हक्कांत मास्टर्स करायचंय, कुठे करू. मी उलट विचारते की नक्की कशावर करायचंय, तर उत्तर येतं की ह्युमन राईट्समधलं सगळंच. सगळंच म्हटलं की दोन वर्षं कुठे जातात कळत नाही, जाहीरनामे आणि तारखा पाठ होतात, परीक्षा होते, आणि गावातल्या एखाद्या प्रकरणाबद्दल कुणी विचारलं की बोलता येत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, की एक पेच धरा. असा पेच, जिथे एखाद्या समाजाचा आपल्या रीतीने जगायचा हक्क आणि त्याच समाजातल्या एका माणसाचा हक्क समोरासमोर उभे राहतात. कोर्स कुठलाही असो, तो पेच पहिल्या सेमिस्टरपासून शेवटपर्यंत सोडायचा नाही. मी इथे उदाहरण म्हणून वाळीत टाकण्याचा प्रश्न घेतलाय, कारण त्याचा कायदा महाराष्ट्रातला आहे, कागदपत्रं मिळतात आणि हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पायरी १: पेच निवडणे

आधी हे समजून घ्या की दोन्ही बाजूंना खरे हक्क आहेत. आपल्या राज्यघटनेत कलम २६ धार्मिक संप्रदायांना स्वतःचा कारभार बघू देतं, कलम २९ प्रत्येक गटाला आपली भाषा, लिपी, संस्कृती जपू देतं. दुसरीकडे कलम १४ (समानता), १७ (अस्पृश्यताबंदी), २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आहेत, ती एकेका माणसासाठी. आंतरराष्ट्रीय पातळीवर नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या कराराचं कलम २७ अल्पसंख्याकांच्या संस्कृतीचं रक्षण करतं, आणि भारत त्या करारात १९७९ पासून आहे. मग युनेस्कोने २००१ मध्ये सांस्कृतिक विविधतेचा जाहीरनामा केला, त्याच्या चौथ्या कलमात साफ लिहिलंय की विविधतेचं नाव सांगून कुणाचेही मानवी हक्क डावलता येणार नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्ष प्रकरणात कुठली प्रथा कुणाचा कुठला हक्क डावलते आणि ते ठरवायचं कुणी, इथेच सगळी झुंज आहे, आणि तुम्ही शिकायला जाताय ते हेच.

वाळीत टाकणं नको असेल तर दुसरे पेच भरपूर आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला, तिथून सुरुवात करता येते, किंवा ओडिशातल्या नियमगिरीपासून, जिथे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. बेळगावातल्या मराठी माणसांचा प्रश्न आपण भावनेने बोलतो, तो भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या चौकटीत, कलम ३५०अ (मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण) आणि ३५०ब (भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी) धरून अभ्यासला तर वेगळाच दिसतो. आणि तसं करताना महाराष्ट्रातल्या कन्नड, तेलुगू, उर्दू शाळांकडेही त्याच नजरेने बघावं लागतं, ते टाळू नका. गोव्याचं कोणी असेल तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर उभा असलेला तिथला कौटुंबिक कायदा आहेच.

एकच अट. ज्या पेचात तुमचं मन एका बाजूला आधीच पक्कं झालंय आणि हलणारच नाही, तो घेऊ नका.

पायरी २: कोर्स बघणे

कोर्सच्या नावाला भुलू नका. सिलॅबसचा पीडीएफ उघडा आणि तीन गोष्टी शोधा: डिसर्टेशन आहे का, फिल्डवर्कला क्रेडिट आहेत का, आणि कायद्याबरोबर समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्राचा एक तरी पेपर आहे का. नुसता कायदा असेल तर माणसं दिसत नाहीत, नुसतं समाजशास्त्र असेल तर कोर्टात काय टिकेल ते कळत नाही.

दिल्लीच्या जामिया मिलियात मानवी हक्कांवरची एमए आहे. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) कोर्सच्या नावात मानवी हक्क नसले तरी समाजकार्यात दलित आणि आदिवासी प्रश्नांवरचं शिक्षण बरीच वर्षं चालत आलंय. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं मानवी हक्कांचं सर्टिफिकेट किंवा बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा दूरशिक्षणाचा पीजी डिप्लोमा बघा. मास्टर्सची बरोबरी होत नाही, पण हा विषय आपल्याला झेपतो का हे कमी खर्चात कळतं. परदेशात इंग्लंडचं इसेक्स विद्यापीठ या विषयासाठी जुनं आणि नावाजलेलं, आणि व्हेनिसजवळच्या लीडो बेटावरून चालणारी युरोपियन मास्टर्सही आहे. पुढे शिकवायचं असेल तर यूजीसी नेटमध्ये मानवी हक्क आणि कर्तव्ये हा स्वतंत्र विषय आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पायरी ३: पैसे, आणि हे आधीच

अॅडमिशन झाल्यावर बघू असं म्हणणाऱ्यांचं वर्ष जातं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं, म्हणजे बीए झालं की लगेच मिळणारी गोष्ट नाही ती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पीएचडीला बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, आपण कुठल्या प्रवर्गात बसतो तसं बघायचं.

केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपबद्दल मात्र नीट ऐका. अनुसूचित जाती, विमुक्त आणि भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ही योजना आहे, म्हणजे ज्यांना हा विषय सगळ्यात जवळचा त्यांच्यासाठीच. पण २०२२ मध्ये नियमावली बदलली आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले. मला हा बदल अन्यायाचा वाटतो, कारण ज्या पोराने जात भोगली त्यालाच परदेशात बसून जातीवर अभ्यास करायला पैसे नाहीत असा त्याचा अर्थ होतो. पण अर्ज करणाऱ्याने राग बाजूला ठेवून त्या वर्षीची नियमावली शब्द न् शब्द वाचावी आणि मगच प्रपोजलचा विषय लिहावा, नाहीतर पहिल्याच चाळणीत अर्ज बाद होईल.

पायरी ४: वर्ग सुरू व्हायच्या आधीचं वाचन

फार नको. राज्यघटनेची १४ ते १७, १९, २१ आणि २५ ते ३० ही कलमं मराठीत आणि इंग्रजीत शेजारी शेजारी ठेवून वाचा. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा ३० कलमांचा आहे, एका बैठकीत होतो, संयुक्त राष्ट्रांच्या साईटवर मराठीतही आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९४७ मध्ये, अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने एक निवेदन काढलं होतं, की पश्चिमेकडच्या मूल्यांवर बेतलेला जाहीरनामा जगातल्या सगळ्या समाजांना कसा लागू होईल. ते निवेदन चार-पाच पानांचंच आहे पण या विषयातला अर्धा वाद तिथेच सुरू होतो. ते वाचून पटलं असं वाटलं की लगेच बाबासाहेबांचं १९४७ चंच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हातात घ्या. अल्पसंख्याकांना संरक्षण मागणारं हे निवेदन आहे आणि त्याच निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा म्हणून कलमं लिहून दिलीत, कुणी दुकानात माल दिला नाही, कामावर घेतलं नाही, तर काय शिक्षा, इतक्या बारकाईने. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात हे सगळं आहे, कुठल्याही बऱ्या लायब्ररीत मिळतं.

पायरी ५: एक निकाल पूर्ण वाचणे

इथे घाई करू नका, ही पायरी नीट झाली तर पुढचं अर्धं सोपं.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कार बंदीचा कायदा केला, कुठल्याही समाजाने आपल्या माणसाला बहिष्कृत करणं बेकायदा ठरवलं. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६२ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने कोर्टाने कायदा रद्द केला. बहिष्कृत करण्याचा अधिकार हा संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचाच भाग आहे, कलम २६ त्याला संरक्षण देतं, असं बहुमताचं म्हणणं. एकटे सरन्यायाधीश सिन्हा विरोधात राहिले. त्यांचं म्हणणं असं की बहिष्कृत माणसाची गत व्यवहारात अस्पृश्यासारखीच होते, त्याला मशीद नाही, समाजाचं कब्रस्तान नाही, आणि कायदा त्याची माणूस म्हणून प्रतिष्ठा राखायला केलाय.

हा निकाल इंटरनेटवर फुकट आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर पोर्टलवर किंवा इंडियन कानून या साईटवर. अलीकडे बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही ई-एससीआरवर टाकतात, तुमच्या पेचातल्या निकालाचा आहे का ते बघून घ्या. आता वाचायचा कसा:

पहिल्यांदा फक्त घटनाक्रम वाचा आणि वहीत लिहा की याचिका कोणी केली, समोर कोण होतं. बहिष्कृत झालेली माणसं या खटल्यात कुठे दिसतात, त्यांचं म्हणणं कोणाच्या तोंडून येतं, हे शोधा. मग सिन्हांचं विरोधी मत वाचा, बहुमताच्या आधी. हे उलटं वाटेल पण करून बघा, कारण बहुमत आधी वाचलं की तेच बरोबर वाटायला लागतं आणि विरोधी मत म्हणजे हरलेल्याची तक्रार वाटते. त्यानंतर बहुमताचा निकाल, आणि दोन रंगांच्या पेनने खुणा, एक रंग समाजाच्या हक्कासाठी, एक त्या माणसाच्या हक्कासाठी. शेवटी एक पान स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहायचं, की मी त्या पीठावर असते तर काय लिहिलं असतं.

मग पुढची गोष्ट जोडा. बोहरा समाजातल्या सुधारकांच्या बाजूने १९८६ मध्ये नवी याचिका आली, हा निकाल परत तपासा म्हणून. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि १९४९ चा जुना कायदा त्याच कायद्याने रद्द केला. मग जुना कायदाच राहिला नाही तर याचिकेत उरलं काय, असा मुद्दा निघाला, तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रश्न महत्त्वाचा म्हणून नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. एवढी साखळी तुम्हाला तारखांसकट सांगता आली की व्हायव्हात कुणी तुम्हाला अडवणार नाही.

पायरी ६: बाहेरचा एक खटला जोडीला

सँड्रा लव्हलेस ही कॅनडातली मॅलिसीट समाजाची बाई. कायदा असा की मूळनिवासी बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिचा मूळनिवासी दर्जा जाणार, पुरुषाने केलं तर त्याचा जात नाही. लग्न मोडल्यावर तिला आपल्या राखीव भूमीवर परत राहता येईना. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९८१ मध्ये तिच्या बाजूने मत दिलं, आणि तेही कलम २७ धरून, म्हणजे आपल्या समाजात, आपल्या भाषेत जगायचा तिचा हक्क हिरावला म्हणून. कॅनडाने १९८५ मध्ये कायदा बदलला. बोहरांच्या खटल्यात संस्कृतीचा हक्क संप्रदायाच्या बाजूने वापरला गेला, इथे तोच हक्क एकट्या बाईच्या हातात आला. या दोन्हींची तुलना हाच एक चांगला टर्म पेपर आहे. भारतातून कुणाला अशी तक्रार त्या समितीकडे नेता येत नाही, कारण वैयक्तिक तक्रारींचा जोडकरार भारताने स्वीकारलेला नाही, हेही पेपरात लिहा.

पायरी ७: माणसांत जाणे

वाळीत टाकण्यावर काम करायचं तर जातपंचायतीपर्यंत जावंच लागतं, आणि इथे बहुतेक विद्यार्थी पंच म्हणजे खलनायक एवढंच मनात धरून जातात. कंजारभाट समाजाचं बघा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला, माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. सोलापुरात त्या वस्तीला अजून सेटलमेंटच म्हणतात. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, संशय गेला नाही. ज्या समाजाला पोलीस ठाण्याची पायरी चढायचीच भीती, तो आपले तंटे पंचांसमोर नेणार नाही तर कुठे नेणार? आणि त्याच समाजात नव्या नवरीची कौमार्य चाचणी होत होती, विरोध करणाऱ्याला जातीबाहेर काढत होते. त्याविरुद्ध २०१७-१८ च्या सुमाराला आवाज उठवला तो समाजातल्याच शिकलेल्या तरुणांनी, व्हॉट्सॅप ग्रुपपासून सुरू झालेल्या 'स्टॉप द व्ही रिच्युअल' मोहिमेतून. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं जातपंचायतीला मूठमाती अभियान त्याआधीपासून चालू होतं. आपल्या समाजाची बदनामी होऊ न देता आपल्याच पंचांशी कसं भांडायचं हे त्या पोरांना रोज ठरवावं लागलं, आणि मला तरी सांस्कृतिक विविधतेचा सगळ्यात अवघड धडा तिथेच दिसतो.

आता प्रत्यक्ष मुलाखतीचं. "तुमच्यावर बहिष्कार आहे का" असं विचारलं की कोणी हो म्हणत नाही. रोजच्या गोष्टी विचारा. शेवटचं लग्न कुणाकडे झालं, पत्रिका आली का. घरात मयत झालं तेव्हा खांदा कुणी दिला. किराणा कुठून आणता, आधी कुठून आणायचात. मुलीला स्थळं येतात का. दंड भरून परत जातीत घेतलं असेल तर पैसे कुठून उभे केले, हा प्रश्न विचारलात की गप्पा लांबतात, कारण कर्ज, गहाण ठेवलेले दागिने, सगळं त्यातून बाहेर येतं. घरातल्या बायकांशी बाई विद्यार्थिनीने वेगळं बोलावं, पुरुष बसलेले असताना नाही.

संमती तोंडी घ्या आणि रेकॉर्ड करा, सहीचा कागद पुढे केला की सेटलमेंटची आठवण असलेली माणसं उठून जातात. नाव बदललं म्हणजे झालं असं समजू नका, लहान समाजात गाव, धंदा आणि लग्नाचं वर्ष यावरून कुणीही ओळखतं, म्हणून तेही बदला आणि तसं डिसर्टेशनमध्ये लिहा. अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याखाली, ती कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा मुलाखत सुरू करण्याआधीच समोरच्याला हे सांगा. आणि जिथे प्रकरण ताजं आहे, एफआयआर होऊन दोन महिने झालेत, तिथे विद्यार्थ्याने जाऊ नये. तुमच्या चार प्रश्नांमुळे त्या घराला परत त्रास होऊ शकतो, तुम्ही तर एसटी पकडून निघून जाणार.

पायरी ८: माहितीचा अधिकार

आकडे गूगलवर शोधत बसू नका. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा किंवा ऑनलाईन भरायचे. विचारायचं ते असं: सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ पासून दरवर्षी किती गुन्हे नोंदले, किती दोषारोपपत्रं गेली, किती प्रकरणं तडजोडीने मिटली. कारणं विचारू नका, दप्तरात नोंद असलेलीच माहिती मिळते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. म्हणूनच हे अर्ज डिसर्टेशनच्या सेमिस्टरच्या आधीच्या सेमिस्टरमध्ये टाकायचे. "निरंक" असं उत्तर आलं तरी ते जपून ठेवा, जिथे वाळीत टाकल्याच्या बातम्या छापून येतात तिथल्या जिल्ह्यात एकही गुन्हा नसणं हा तुमच्या प्रकरणातला मुख्य मुद्दा होऊ शकतो.

पायरी ९: इंटर्नशिप

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग दिल्लीत उन्हाळी आणि हिवाळी इंटर्नशिप घेतो, थोड्या दिवसांच्या ऑनलाईनही असतात. तिथे तक्रारी कशा छाननीत जातात ते दिसतं. एक नियम तरी लक्षात ठेवा, घटनेला वर्ष उलटून गेलं की आयोग तक्रार घेत नाही. त्याबरोबर गावपातळीवरच्या एखाद्या संघटनेत महिनाभर काढा, दोन्ही केलेला विद्यार्थी लगेच ओळखू येतो.

पायरी १०: लिहिणे

विचार मराठीत करा, मुलाखती मराठीत उतरवा, इंग्रजी फक्त शेवटच्या मसुद्यात. बाईने सांगितलेलं मूळ वाक्य परिशिष्टात तसंच्या तसं द्या, तिच्या बोलीत, कारण इंग्रजीत आलं की सगळ्या बायका एकाच आवाजात बोलायला लागतात. काही विद्यापीठांत एमएचं डिसर्टेशन मराठीतही चालतं, विभागात लेखी विचारून घ्या. प्रकरणांचा क्रम असा ठेवा की पहिल्या पानावर तुमचा माणूस किंवा प्रसंग येईल आणि १९४८ चा जाहीरनामा त्याच्या मागून. गाईड म्हणतील की आधी थिअरी, तर थिअरीचं प्रकरण छोटं करून दुसरं ठेवा, बहुतेक गाईड एवढं मान्य करतात. आणि निष्कर्षात जातपंचायती बंद करा, प्रबोधन करा असं मोघम लिहू नका. कायद्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमायची तरतूद आहे, तुमच्या जिल्ह्यात तो कोण आहे, लोकांना माहीत आहे का, तक्रारदाराला ठाण्यात पहिल्या दिवशी काय सांगितलं गेलं, असं लिहा.

जमा केल्यावर चार पानांचा मराठी सारांश करा, ज्यांनी वेळ दिला त्यांना वाचून दाखवा, त्यांना न पटलेलं काही असेल तर तेही सारांशात जोडा. माहिती अधिकाराची आलेली उत्तरं स्कॅन करून विभागाच्या लायब्ररीत ठेवा, नाहीतर पुढच्या बॅचचा विद्यार्थी तोच अर्ज परत टाकून परत ३० दिवस थांबणार.